झांझिबार : लवंगांचं शेत, आणि समुद्र जागेवर कधी असतो?

तांबडी_माती (धागाकर्ती)

डिसेंबरच्या अखेरीस सहा रात्री झांझिबार (पूर्व आफ्रिकेत, टांझानियाचं बेट) ठरतंय. मोठी माणसं तीन, त्यात आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात); शिवाय दहा वर्षांची मुलगी. सफारी नको, डॉल्फिनमागे बोटी पळवणंही नको. मसाल्याची शेती नीट बघायची आणि उरलेला वेळ समुद्रावर लोळायचं, एवढंच. प्रश्न असे:

१. घरी रत्नागिरीकडे मिरी, जायफळ, दालचिनी आहेच. मग तिकडची शेती बघण्यात नवीन काय?
२. एकाच बीचबद्दल अर्धे लोक 'स्वर्ग' लिहितात आणि अर्धे 'पाणीच नव्हतं'. खरं काय?
३. मसाले आणायचे तर कुठले, आणि फसायला कुठे होतं?
४. शाकाहाराचं कसं?

कुळागर

पहिल्याचं उत्तर : लवंगेसाठी जा. मिरीचे वेल, जायफळ, वेलदोडा, हळद, आलं हे आपल्याकडच्या कुळागरात दिसतंच, आणि फोंड्याच्या बागांतही हेच दाखवतात. लवंग मात्र कोकणात तुरळक. भारतातली बरीचशी कन्याकुमारी, निलगिरी आणि केरळात. लवंगेचं भरलेलं झाड मराठी माणसाने बहुधा पाहिलेलंच नसतं.

जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही. स्टोन टाउन (झांझिबार शहराचा जुना भाग) इथून जवळ किझिंबानी, किडिची या भागातल्या ज्या 'स्पाइस फार्म'वर पर्यटकांना नेतात त्या बहुतेक दाखवण्याच्या बागा. प्रत्येक जातीची चार-सहा झाडं, एक ठरलेली वाट आणि शेवटी दुकान. व्यापारी लवंग प्रामुख्याने उत्तरेच्या पेंबा बेटावर पिकते. त्याचं कारण १८७२चं चक्रीवादळ. त्यात उंगुजा (म्हणजे आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते मुख्य बेट) इथली लवंगेची झाडं मोठ्या प्रमाणावर आडवी झाली, पेंबा बऱ्यापैकी वाचलं, आणि लवंग तिकडे सरकली ती कायमची.

लवंग मूळची इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची. झांझिबारला ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. ओमानच्या सुलतान सय्यद सईदने मळे वाढवले आणि १८४०च्या सुमारास राजधानीच मस्कतहून इकडे हलवली. मळ्यांवर राबणारे गुलाम होते. गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. गाईड हे सांगतोच असं नाही, विचारा. बाग बघताना 'किती छान वास' एवढ्यावर थांबू नये असं माझं मत.

वेलदोडा

कुळागर यांच्याशी सहमत. लवंगेच्या झाडाखाली उभं राहिल्यावर काय बघायचं ते लिहितो.

आपण वापरतो ती न उमललेली कळी. घोसात आधी हिरवी, मग पिवळसर, मग देठाकडून गुलाबी होते. गुलाबी झाली आणि टोकाची गोल टोपी अजून मिटलेली आहे, तेव्हाच तोडणी. लवकर तोडली तर लवंग बारीक, सुरकुतलेली, तेल कमी. उशीर झाला तर फूल उमलतं, वाळवताना टोपी गळते आणि बाजारात जिला 'बिनडोक्याची' म्हणतात ती लवंग हाती येते. एकाच झाडावरचे घोस एका वेळी तयार होत नाहीत, म्हणून एकाच झाडावर पुन्हा पुन्हा चढावं लागतं. फांद्या ठिसूळ. आकडीने वाकवून घेतात, ओढून तोडत नाहीत.

पूर्ण घोस खुडून आणतात आणि त्याच संध्याकाळी देठ वेगळे करतात. घोस तळहातावर धरून दुसऱ्या हाताने पिळला की कळ्या सुटतात, देठांचा झुपका हातात राहतो. गाईडला हे करून दाखवायला सांगा, मुलीला करू द्या. बोटांना वास रात्रीपर्यंत राहतो. देठ फेकत नाहीत, त्यातूनही तेल काढतात.

मग चटईवर पातळ पसरून ऊन. चांगलं ऊन असेल तर चार-पाच दिवस. ओल्या तीन किलोची वाळून साधारण एक किलो होते. मोडली की 'टक्' आवाज आला म्हणजे वाळली. बिघडतं ते दोन ठिकाणी : तोडलेल्या कळ्या रात्रभर ढिगात राहिल्या तर आतून तापून आंबतात आणि पांढुरक्या, मऊ पडतात. आणि वाळत असताना पाऊस आला तर बुरशी. म्हणून घरासमोर, रस्त्याच्या कडेला लवंग वाळत असते तिथे कुणीतरी आभाळाकडे डोळा ठेवून बसलेलं असतं. गाडीवाल्याला तिथे गाडी थांबवायला सांगा, फार्मपेक्षा जास्त कळतं. फक्त चटयांवर पाय देऊ नका आणि फोटो विचारून काढा.

हंगाम साधारण जुलै ते जानेवारी यांच्या दरम्यान, पण दरवर्षी सारखा नसतो. लवंग एखाद्या वर्षी लगडते, एखादं वर्ष मोकळं सोडते.

जायपत्री

दहा वर्षांच्या मुलीसाठी तीन झाडं चुकवू नका.

व्हॅनिला. हे ऑर्किड, मूळ मेक्सिकोचं. तिथे ज्या मधमाशा परागीभवन करतात त्या आफ्रिकेत नाहीत, म्हणून प्रत्येक फूल माणसाने हाताने फळवायचं. फूल एकाच सकाळी उमलतं, दुपारपर्यंत कोमेजतं. पातळ काडीने आतला पडदा उचलायचा, पराग अंगठ्याने दाबायचे. ही युक्ती १८४१ साली रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगभर आजही तीच वापरतात. वेलावरच्या हिरव्या शेंगेला वास अजिबात नसतो, बरं का. फळल्यापासून शेंग पिकायला आठ-नऊ महिने, आणि वास पुढच्या घाम-वाळवण-मुरवणीत येतो.

दालचिनीचं मूळ. गाईड जमिनीतून तुकडा खरवडून नाकाशी धरतो. वास दालचिनीचा नाही, कापराचा. साल, पान आणि मूळ, तिन्हींचा वास वेगळा : सालीला दालचिनी, पानाला लवंगेसारखा, मुळाला कापूर. घरचं झाड असूनही मूळ कुणी हुंगलेलं नसतं.

शेंदरी. काटेरी बोंड उघडलं की लाल बिया. तोंडाला फासून 'लिपस्टिक' करतात. कपड्यांना लागू देऊ नका, डाग जात नाही.

जायफळ फोडून दाखवतील तेव्हा बीवरची लाल जाळी बघा, तीच जायपत्री. ताजी असताना रक्तासारखी लाल, वाळल्यावर पिवळट-भगवी. घरच्या झाडाला वर्षानुवर्षं फळ धरत नसेल तर त्याचंही उत्तर इथे आहे : नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं.

तांबडी_माती

आमच्या परड्यातल्या जायफळाचं कोडं सुटलं म्हणायचं! आईंना चालणं जमेल का?

कुळागर

दीड-दोन तास लागतात, पण थांबत थांबत. चढ नाही. पाऊस पडून गेला असेल तर लाल माती चिकटते, तेव्हा मागे पट्टा असलेली सँडल. लाकडाचे ओंडके बसायला असतात. मुंग्या असतात, बसण्याआधी बघा. डासांचं औषध फार्मवर लावाच.

वाटेत नारळाच्या झापाची टोपी, टाय, अंगठी विणून अंगावर चढवतात. ती भेट नसते, शेवटी बक्षिशी अपेक्षित. माडावर चढून दाखवणाऱ्याचंही तेच. सुटे शिलिंग जवळ ठेवा, देणार नसाल तर सुरुवातीलाच हसून 'हपाना, असांते' (नको, धन्यवाद) म्हणा. डॉलर नेणार असाल तर २००९ च्या आधीच्या मालिकेच्या नोटा नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

खाडीकाठ

आता दुसरा प्रश्न. 'स्वर्ग' लिहिणारे आणि 'पाणीच नव्हतं' लिहिणारे, दोघंही खरं बोलतात. एक भरतीला गेला, दुसरा ओहोटीला.

पूर्व किनारा (मातेम्वे, ब्वेजू, पाजे, जांबियानी) म्हणजे किनाऱ्यालगत उथळ, सपाट खाजण आणि दूरवर प्रवाळाची भिंत. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो, मुंबईच्या आसपासचाच. पण तळ सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी किलोमीटरभर मागे जातं. तेव्हा पोहणं विसरा.

उत्तरेला नुंग्वी-केंद्वाकडे दिवसभर पोहता येतं.

मीठमिरची

नुंग्वीला ओहोटी होत नाही असं एजंट सांगतात, ते खरं का?

खाडीकाठ

होते, तेवढीच होते. चंद्र काही हॉटेल बघून ओढत नाही. फरक उताराचा. केंद्वाला किनारा झपकन खोल होतो, म्हणून पाणी खाली गेलं तरी चार पावलांवर सापडतं. बदल्यात तिथे गर्दी, संगीत, बोटींचे दोर आणि पाण्याच्या कडेने चालणारे विक्रेते. जांबियानीला शांतता, पण वेळापत्रक समुद्राचं.

आता आपल्या लोकांना सोपी पडेल अशी गोष्ट. बुकिंगआधी कालनिर्णय उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटी), हे तिकडेही लागू. फक्त वेळ वेगळी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ना? झांझिबारसाठी त्यात साडेचार तास मिळवा. पौर्णिमा : १५ची पाऊणपट सव्वाअकरा, अधिक साडेचार, म्हणजे पावणेचारला भरती, आणि सकाळी साडेनऊ-दहाला पार ओहोटी. अष्टमी : सहा अधिक साडेचार, म्हणजे सकाळी साडेदहाला भरती. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा. हॉटेलात भरतीचा तक्ता लावलेला असतो, शेवटचा शब्द त्याचा. वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते.

म्हणजे पूर्व किनाऱ्यावर पोहायचं असेल तर अष्टमीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस सोयीचे. भरती सकाळी येते आणि भांग असल्याने पाणी फार लांब पळतही नाही.

मीठमिरची

मग पौर्णिमेला पूर्व किनारा बादच?

खाडीकाठ

उलट, बघायला तेव्हाच मजा. सकाळच्या पार ओहोटीत बायका मवानी (समुद्री शेवाळ) लावायला-काढायला आत जातात. १९८९ पासून तिथे ही शेती होते. वाळूत खुंट्या, त्यांच्यामध्ये दोर, दोराला थोड्या थोड्या अंतरावर शेवाळाचे तुकडे बांधलेले. साधारण सहा आठवड्यांत काढणी. वाळवून निर्यात, त्यातून कॅराजीनन निघतं, जे आइस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट ठेवायला वापरतात. दोन जाती : 'स्पिनोसम' काटक पण भाव कमी, 'कॉटोनी'ला भाव चांगला पण पाणी तापलं की ती पांढरी पडून कुजते. उथळ खाजणातलं पाणी हल्ली जास्त तापतं, त्यामुळे कॉटोनीचं गणित बिघडलंय. खोल पाण्यात लावायची तर बोट हवी, पोहता यायला हवं. त्या दोरांवर पाय देऊ नका, ते शेत आहे.

एक महत्त्वाचं. ओहोटीत प्रवाळापर्यंत चालत जायचं तर नीचांकाच्या तासभर आधी निघा आणि नीचांकाला पाठ फिरवा, 'अजून थोडं' करू नका. भरती सहा तास सारख्या वेगाने येत नाही. एकूण वाढीचे बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं पाणी चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी वाढ. शिवाय पाणी आधी तुमच्या मागच्या चरांत भरतं, समोर अजून वाळू दिसत असते. लहान मुलगी बरोबर असताना तर अजिबात धाडस नको.

पाणकोंबडी

ओहोटीत अनवाणी चालू नका. काळे लांब काट्यांचे समुद्री साळू खड्ड्यांत बसलेले असतात. रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल चिखलात सुटते.

काटा गेलाच तर सुईने कोरत बसू नका. काटा खडूसारखा ठिसूळ, आत तुकडे होतात. वर दिसणारे चिमट्याने सरळ ओढा, मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४०-४५ अंश) अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तपासा, दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. काटा सांध्याजवळ असेल, किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टर.

तारामासे पाण्याबाहेर काढून फोटो काढणं ही तिथली वाईट सवय झालीय. मुलीला पाण्यातच दाखवा.

ऊन : विषुववृत्तापासून फक्त सहा अंश. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, संध्याकाळी पाठ सोललेली असते. स्नॉर्केलिंगला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, मलमापेक्षा भरवशाचा.

आईंसाठी : बोटीच्या सहलींना बहुतेक ठिकाणी धक्का नाही. गुडघाभर-मांडीभर पाण्यातून जाऊन लाकडी शिडीने चढावं लागतं. आधी विचारून घ्या.

वाराफिरला

डिसेंबरच्या अखेरीस 'कास्काझी', म्हणजे ईशान्येचा वारा. जून ते सप्टेंबर 'कुसी', दक्षिणेकडून. पूर्वी याच वाऱ्यांवर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची, अरबस्तानातली गलबतं ये-जा करत. आज त्यावर पाजेला पतंगवाले (पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी पळवणारे काइटसर्फर) नाचतात. दुपारी पाजेच्या मधल्या पट्ट्यात पोहायला जाऊ नका, पतंगांचे दोर आडवे येतात. दक्षिणेला जांबियानीकडे सरका.

मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा नोव्हेंबर आणि डिसेंबरची सुरुवात. तुमच्या तारखांना एखादी सर येईल, एवढंच.

भोकरवाडी

मसाले खरेदी. मुद्द्याचं लिहितो.

लवंग : नखाने दाबा, तेल उमटलं पाहिजे. ग्लासभर पाण्यात टाका. चांगली बुडते किंवा उभी तरंगते, तेल काढून घेतलेली आडवी पडते. पाकीटबंद थोडी घ्या. शेतकऱ्याकडून परस्पर किलोकिलोने नको. लवंगेची खरेदी तिथे सरकारी महामंडळाकडे आहे, चोरट्या व्यापाराकडे कडक बघतात.

दालचिनी : पातळ सालीचे अनेक पदर आत गुंडाळलेले, चिरुटासारखी कांडी, ती खरी. जाड, एकाच पदराची वळकटी म्हणजे कॅसिया, जी आपल्याकडे किराणा दुकानात सर्रास दालचिनी म्हणून मिळते.

व्हॅनिला : शेंग बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे, न मोडता. काळपट, तेलकट, लवचीक. काडीसारखी वाळलेली असेल तर स्वस्तातही घेऊ नका.

जायफळ : कवचासकट घ्या, हलवल्यावर आत खुळखुळलं की वाळलेलं. भोक दिसलं तर किडा आधीच जेवून गेलाय.

केशर : तिथे पिकत नाही. 'झांझिबार सॅफ्रन' नावाचं पाकीट म्हणजे करडईच्या पाकळ्या किंवा हळद. 'पिलाऊ मसाला' चांगला असतो, पण त्यातलं जिरं बाहेरून आलेलं. आपल्याकडचं जिरं समुद्र ओलांडून तिकडे नेऊन पुन्हा आणायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पूड कुठलीच नको, सगळं अख्खं आणा. बी रुजवायला किंवा रोप, कलम अजिबात आणू नका, त्याला परवाना लागतो आणि विमानतळावर जप्त होतं.

तांबडी_माती

केशराचं वाचवलंत. शाकाहाराचं कुणी सांगेल?

मीठमिरची

सोपं आहे. वाली वा नाझी (नारळाच्या दुधातला भात) आणि माहारागे (नारळातली राजम्यासारखी उसळ) बहुतेक ठिकाणी. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, भजीला भाजिया. उरोजो हे हळदीचं आंबट, दाट सूप, त्यात भजी, बटाटा घालतात, पण अंडं आणि मांसही पडतं. 'बिला न्यामा, बिला मायाई' म्हणजे मांस नको, अंडं नको. माशासाठी 'बिला सामाकी' वेगळं सांगा, मासा 'न्यामा'त धरत नाहीत. फार्मवरच्या जेवणाचं आदल्या दिवशीच सांगा.

वाराफिरला

वेळ ठरवताना घोटाळा होतो तो सांगतो. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. 'सा ताटू' शब्दशः तीन वाजता, पण अर्थ सकाळचे नऊ. गाडीवाल्याशी बोलताना घड्याळावर बोट ठेवून नक्की करा.

कागदपत्रं : ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सरकारी प्रवास विमा सक्तीचा, ४४ डॉलर. तुमचा भारतातला विमा असला तरी हा वेगळा काढावा लागतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरचं कार्ड बरोबर ठेवा. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे ऐनवेळी घेऊन उपयोग नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. सामानात चपला गुंडाळलेल्या दुकानाच्या पिशव्या काढून टाका.

स्टोन टाउनमध्ये आणि गावांत खांदे-गुडघे झाकलेले बरे. वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम आहे. पोहण्याचे कपडे बीचपुरते.

तांबडी_माती

कालनिर्णय उघडलं. पोचायचा दिवस शुद्ध पंचमी, निघायचा एकादशी. पहिली रात्र स्टोन टाउन, मग केंद्वा असं ठरवत होते.

खाडीकाठ

केंद्वा कशाला? तुमच्या तारखा पूर्व किनाऱ्यासाठी मागून घेतल्यासारख्या आहेत. षष्ठीला भरती नऊच्या सुमारास, सप्तमीला पावणेदहा, अष्टमीला साडेदहा, नवमीला सव्वाअकरा, दशमीला बारा. म्हणजे रोज न्याहारीनंतर दारात पाणी. भरतीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर पोहण्याइतकं खोल धरा. जांबियानीत पाच रात्री घ्या. दुपारी चारनंतर पाणी उतरतं तेव्हा शेवाळाचे दोर बघायला चाला, पण भांगाच्या दिवसांत फार आतपर्यंत कोरडं पडणार नाही.

कुळागर

मग षष्ठीला सकाळी सामान गाडीत टाकून स्टोन टाउनहून आधी किझिंबानी. नऊला फार्मवर, साडेअकरापर्यंत बाहेर. जांबियानी उलट दिशेला आहे, तिथून दीड तास धरा. त्या दिवसाची भरती बुडेल, पण खोलीही दुपारी दोनच्या आधी मिळणार नाही. खरेदी मात्र तेव्हा नको. पाच दिवस खाऱ्या, दमट हवेत मसाले ठेवण्यापेक्षा परतताना स्टोन टाउनच्या दाराजानी बाजारात घ्या, आणि झाकणाचा घट्ट डबा घरूनच न्या.